वंदीने विचारलेला वार

३ फेब्रु., मंगळ.
पोरीला आईची आठवण येत नाय, शब्दांची येते. वंदीचा पुण्याहून फोन. जेवलीस का, गुडघा कसा हाय, काय विचारलं नाय. सरळ, "आई, वार म्हणजे काय काय गं?" शब्दांचं पुस्तक काढतात त्या हापिसात हाय ना बाई. लग्न केल्यापासून दोन दिवाळ्या गेल्या, घरी पाय नाय. मला मात्र ही वही पाठवली, शब्द लिही म्हणून. चौथी शिकलेली मी.
सांगितलं. सोमवार मंगळवार तो वार. कोयत्याचा वार. लुगड्याचा वार. ड्युटीला उशीर होतोय, ठेव.

४, बुध.
मागाच्या कारखान्यात सुताची कांडी भरताना शेजारच्या जमीला आपाला विचारलं. म्हणे, "वार क्या, गज बोल. अब तो सब मीटर हो गया."
संध्याकाळी वंदी म्हणाली, दिवसाचा वार संस्कृतातला, कापडाचा बहुतेक पोर्तुगीज लोकांचा. एकमेकांचे कोण नाय. मग एका नावानं राहतात कशाला?
आवाज बारीक वाटला तिचा. जेवते का नाय कोण जाणे.

६, शुक्र. माग बंद.
चौथा अर्थ राहिला होता. मीच फोन केला. बाळंतिणीची वार, मूल झाल्यावर पडते ती. हे कुठून आलं ते त्यांच्या पुस्तकालाही धड माहीत नाय.
वंदी मग म्हणे, "माझी कुठे पुरलीस?"
दिघाशीला, माझ्या माहेरी. आईनं न्हाणीमागे खड्डा केला, हळदकुंकू वाहिलं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर पाटा ठेवला. बारा दिवस दिवा.
"दवाखान्यात मागितली तर देतात का?"
"हे पण लिहायचंय पुस्तकात?"
"असंच." ठेवला फोन.

९, सोम.
कांडीवर सूत तुटलं, तिथंच हात थांबला. पुस्तकासाठी असं कोण विचारतं?
आपाला सांगितलं तर हसली. "पगली, नानी बनने वाली है तू."
चार वेळा फोन लावला तेव्हा उचलला. "कितवा?" म्हटलं.
"पाचवा."
पाच महिने! आईला नाय सांगितलं.
"तूच म्हणालीस, परत पाय ठेवू नको."
म्हणाले होते. रजिस्टर लग्न करून आली त्या दिवशी, दारात, जावयासमोर. रागात…

१०, मंगळ.
झोप नाय. पहिलं बाळंतपण आईकडे होतं. तिचं परक्या गावात, भाड्याच्या खोलीत? तेल कोण लावेल, शेक कोण देईल?
माझी खोली चाळीतली, मागे गटार. दिघाशीला दादाला फोन केला. न्हाणीमागे जागा हाय अजून. म्हणाला, "इचारतेस काय? घर तुजं न्हाय का? पोरीला घेऊन ये."
रडले. कारखान्यात, सगळ्यांसमोर.

१३, शुक्र.
वंदीला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "बघते." डॉक्टर तिकडचा, हापिस, नवऱ्याला विचारते. मी चुकले ते पण म्हटलं. तोंडातून निघेना, तरी म्हटलं. त्यावर पण "बघते आई."
मेसेज पाठवला, स्वतः टाइप करून: सातवा लागला की ओटीचं सामान घेऊन मी न्यायला येणार. तू येणार का नाय ते पुढच्या शुक्रवारी, २० तारखेला, संध्याकाळपर्यंत सांग. माग बंद असतात, मी घरीच हाय. बघते चालणार नाय. आणि तोवर दुसरा शब्द विचारायला फोन करू नको.