काकांचं फिरणं

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय आणि उत्तर मी आज लिहितेय, म्हणून आधी कान पकडते. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलीस आणि निवृत्त झाल्या दिवसापासून फोन उचलणंच सोडलंस. तेव्हा खुशाली कळवायची तर मला पेन उचलावं लागतं.

खरं सांगू? लिहिण्याचा वीट आलाय मला. सकाळी टेबलावरच्या बशा बाजूला सारून लॅपटॉप उघडते. एका गादीवाल्या कंपनीसाठी पाठदुखीवर लेख, एका दातांच्या दवाखान्यासाठी हसण्यावर लेख. ते कसेबसे पाडते. मग माझ्या ब्लॉगचं पान उघडते आणि तिथे ठप्प. एक वाक्य लिहिते, खोडते, उठून चहा करते, तो तसाच गार होतो. परवा आईला चिठ्ठी लिहून ठेवली की दूध संपलंय, आणि खाली सवयीने लिहून गेले की लेख आवडल्यास जरूर शेअर करा. आई ती चिठ्ठी फ्रिजवर लावून दिवसभर हसत होती. मला मात्र रडू आलं.

तर एक मागणं आहे. माझा ब्लॉग इतकी वर्षं तुझ्या आणि काकांच्या भांडणांवर चाललाय हे तू जाणतेसच. वाचक विचारतायत की मावशी-काका गेले कुठे. काकांची एखादी ताजी करामत कळव ना. वाक्यं मी जुळवीन. एवढं कर, नाहीतर ब्लॉग बंद पडेल, आणि तो बंद पडला तर माझं म्हणावं असं काही उरणारच नाही. नुसत्या गाद्या आणि दात.

काकांना नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
टकळी


दि. ११ फेब्रुवारी

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

लहानपणी तुझी टकळी बंद कर म्हणून आम्ही हात जोडायचो, आणि आता तुलाच शब्द सापडेनात? चांगलं आहे. तुझ्या आईला हसायला काहीतरी मिळालं.

घे करामत. हे गेल्या आठवड्यात मोडकी छत्री दुरुस्तीला घेऊन गेले आणि संध्याकाळी ऐटीत परत आले. घरात उघडून बघते तर आत गुलाबी फुलं! मी विचारलं की हे काय, तर म्हणाले की दुरुस्तीवाल्याने नवीन कापड घातलं असेल. दुसऱ्या दिवशी बदलायला गेले, तर तिथे त्या फुलांची मालकीण यांचीच छत्री हातात धरून उभी. ती परत द्यायला तयार होईना, म्हणे हिची मूठ चांगली आहे. बराच वेळ हुज्जत घालून शेवटी फुलंच घेऊन घरी आले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःची छत्री सांभाळता येत नाही. मी म्हटलं की उद्या बायको बदलून आली तरी तुम्हाला कळायचं नाही. यावर म्हणाले की लगेच कळेल, घर शांत असेल.

झालं तुझं काम? आता दोन घास नीट जेव. इकडचं सगळं ठीक.

तुझी,
मावशी


दि. २० फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, छत्रीने कमाल केली! इतके वाचक, इतके अभिप्राय, कितीतरी दिवसांनी. एका बाईंनी लिहिलंय की असा नवरा मिळायला भाग्य लागतं. तू ऐकलंस तर दोन शब्द सुनावशील.

पण गंमत बघ, शाबासकी मला आणि मी तर नुसती टायपिस्ट. तू लिहिलेलं जवळपास तसंच उतरवलं. पूर्वी तुमची एखादी गोष्ट कानावर आली की माझं डोकं कसं धावायचं, आठवतं? आता तेही होत नाही. गादीवाल्यांना आणखी लेख हवेत. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि तेही कोण लिहीत बसणार.

पुढच्या आठवड्यासाठी काहीतरी दे ना गं. आणि काकांना माझा निरोप सांग की असेच फिरत राहा, तुमच्या पायांवर माझं घर चाललंय.

आशीर्वाद असू दे.

तुझी,
टकळी


दि. २७ फेब्रुवारी

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

निरोप सांगितला.

करामत अशी, की परवा हे लिफ्टमध्ये शिरले आणि कुणीतरी यांना विचारलं की पाचवा दाबता का. यांनी दाबला. मग दुसऱ्याने तिसरा सांगितला. हे लोकांना पोचवत बसले ते दुपार सरेपर्यंत खाली-वर. घरी आल्यावर म्हणाले की नोकरी बरी आहे, जेवायची सुट्टी तेवढी मिळत नाही. तुला हवं तसं वाढव. मला यापुढे सुचत नाही.

अक्षर गिचमीड झालंय. मांडीवर पाकीट ठेवून बाकावर बसून लिहितेय, आणि आतून हाक आली की उठावं लागेल. काळजी करू नकोस, माझी दाढ दुखतेय एवढंच.

मावशी


दि. ८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

लिफ्टचा लेख परवा टाकला. काल त्याखाली तुमच्या शेजारच्या गृहस्थांचा अभिप्राय आला. काका पुन्हा चालू लागले हे वाचून त्यांना अतोनात आनंद झालाय. मागच्या आठवड्यात विचारपूस करायला आले होते, तेव्हा कूस बदलायलाही दोघं लागत होते, असं त्यांनी लिहिलंय. आणि खाली अभिनंदन.

मावशी, हे मला एका परक्या माणसाकडून कळावं? मी तो अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचला. मग लॅपटॉप मिटला आणि आईला विचारलं. ती उठून ओटा पुसायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं. तुम्ही दोघी बहिणी एक झालात आणि मी इकडे काकांना जिन्याने, लिफ्टने, बाजारात नाचवत बसले. मला तुझा राग आलाय आणि माझी शरम वाटतेय, आणि कुठलं जास्त ते कळत नाही.

काय झालंय ते सगळं लिही. यातलं काही रचू नकोस.

टकळी


दि. १४ मार्च

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

रचत नाही. दिवाणखान्यात पाय घसरून पडले. कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते बिघडलं, पुन्हा झालं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा घरी आणून थोडेच दिवस झाले होते, आणि लिफ्टचं पत्र लिहिलं ते यांना तपासणीला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या बाकावरून; दाढ नव्हती. डॉक्टर म्हणतात की आता चालण्याची आशा धरू नका. आईला मीच गप्प बसवलं, तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या पत्रातला तो गार चहा वाचला आणि वाटलं, हिच्या गळ्यात आणखी हे कशाला.

पण ऐक, मीही थकलेय गं. त्यांना उचलून माझे खांदे भरून येतात. आणि वर शेजारीण तुझा ब्लॉग वाचते, दारात उभी राहते आणि मी आता काहीतरी भन्नाट बोलेन म्हणून तोंडाकडे बघते. मला नुसतं रडायचं असतं.

आणखी एक. छत्रीचा लेख मी यांना वाचून दाखवला. वाटलं, चिडतील. डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं की मग पुढे मी कुठे गेलो. लिफ्टचं मी त्यांच्यासाठीच रचलं होतं, तुझं नुसतं निमित्त. आता रोज विचारतात. मला काही सुचत नाही. तू लेखिका आहेस ना, तूच काहीतरी पाठव.

मावशी


दि. १९ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून बसलेय. नाही सुचलं. एक ओळ नाही. काकांना बागेत पाठवलं, स्टेशनवर पाठवलं, माझ्या दारापर्यंत आणलं, आणि प्रत्येक वेळी हात अडला, कारण मला तो पलंग दिसतो.

ब्लॉगवर लिहून टाकलं की थांबतेय. वाटलं होतं, जीव जाईल. नाही गेला. जेवले आणि आडवी झाले ती सकाळी आईने उठवलं तेव्हा उठले. गादीवाल्यांनाही नाही म्हटलं, कारण न देता.

शनिवारी येतेय, राहायला. कूस बदलायला आता मी आहे. तू दार लावून घे आणि हवं तेवढं रड, शेजारणीला मी बघून घेईन. माझ्यासाठी काही भन्नाट बोलू नकोस.

आणि काकांना सांग की पुढे ते कुठे गेले ते मला खरंच माहीत नाही. आजवर मी मनाला येईल तिथे त्यांना फिरवलं. आता त्यांनी सांगायचं. छत्री घेऊन निघाले, तर जायचं कुठे होतं? मी उशाशी बसेन. लिहून घेणार नाही.

तुझी,
टकळी