जाळी फाटलेली नव्हती

आई, मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की जाळी फाटली, पण दोष तुझा नव्हता, दिवसभर उजेडाकडे बघून तुझे डोळे थकले असतील. जाळी फाटलीच नव्हती. गेल्या शुक्रवारी मी ती हातात घेतली, खिडकीशी धरली आणि भिंगातून या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली. एकही तार तुटलेली नाही. तुझे डोळे थकले असतील हे मी कुणाच्या भरवशावर लिहिलं, तर ज्याने तुला कामावरून काढलं त्याच्याच.

दम्यामुळे मला शाळेत उशिरा घातलं, तोवर माझी शाळा म्हणजे तूच. सकाळी तुझ्यासोबत दापोडीहून भोसरीला जायचं, कारखान्यात काचेच्या टेबलाशेजारी पोत्यावर बसायचं आणि पाढे म्हणायचे. टेबलाच्या काचेखाली दिवे, काचेवर बारीक तारेची जाळी, आणि तुम्ही बायका तिच्यावर वाकून कुठे तार तुटलीय का ते बघत असता. ही जाळी कुठे जाणार, हे तू मला संध्याकाळी घरी पीठ चाळताना सांगितलंस. उत्तरेला पार टोकाला जमीन बारा महिने गोठलेली असते. तिच्या खाली खोल वाळू आहे आणि वाळूच्या कणाकणांमध्ये बर्फासारखं काहीतरी आहे, त्यात गॅस कोंडलेला. काडी लावली तर तो बर्फ पेटतो म्हणे. "मग आपल्या शेगडीत का नाही टाकत?" मी विचारलं. "आण ना तू जाऊन," तू म्हणालीस, "फक्त स्वेटर घालून जा." मग तू चाळणी हलवत राहिलीस. तिथे विहीर खणून पाणी उपसतात, दाब कमी झाला की बर्फ सुटतो आणि गॅस वर येतो. पण वाळूला धरून ठेवणाराही तोच बर्फ. तो सुटला की वाळू मोकळी होते आणि पाण्याबरोबर निघते. म्हणून तळाशी चाळणी लावायची, गॅस आणि पाणी आत, वाळू बाहेर. तुझ्या हातची चाळणी जगाच्या टोकाला जाणार, याचा मला केवढा गर्व होता. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले होते.

मग तो दिवस. मी पोत्यावर आहे, बाराचा पाढा चाललाय. मालक आत येतो, सगळ्यांना हात थांबवायला सांगतो आणि तुला टेबलापुढे उभं करतो. तिकडे विहिरीच्या पंपात वाळू शिरली, काही दिवसांतच चाचणी बंद पडली, पार्टी चिडलीय. "फाटकी जाळी पास केलीस तू." तू म्हणतेस, "बघून दिली होती साहेब." "मग वाळू काय उंदरांनी नेली आत?" दोघीतिघी हसतात. घाबरून हसल्या असतील, पण हसल्या. "बायांनो, हिच्यासारखं डोळे मिटून काम करायचं नाही इथे." तू पदराने हात पुसलेस, माझा डबा उचललास आणि आपण निघालो. त्यानंतर तू कँटीनमध्ये पोळ्या लाटल्यास, पण रोज संध्याकाळी चहाची गाळणी बल्बसमोर धरून बघायचीस. कधी ओढणी, कधी मच्छरदाणी. पिंपरीच्या डॉक्टरने डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं, तरी तुझा विश्वास बसला नाही. तू गेलीस त्या वर्षीही मला जवळ बोलावून विचारलंस, "इथं भोक दिसतंय का गं तुला?"

मी आता चाकणच्या कंपनीत आहे. आम्ही तसल्याच विहिरीत सोडायच्या पंपांची जुळणी करतो. यंदा तिकडे पुन्हा चाचणी आहे, या वेळी काही दिवस नाही, महिनोन्‌महिने गॅस काढून बघणार आहेत. जाळी पुरवणार तोच मालक, आणि ती तपासून सही करायला मी. त्याच्या केबिनमध्ये काचेच्या स्टँडवर वीतभर जाळी उभी आहे. "ही आमची मानाची जाळी, मॅडम. आर्क्टिकला जाऊन आलीये," तो म्हणाला. विहिरीतून वर काढल्यावर पार्टीने तो तुकडा परत पाठवला होता. मी बघितला आणि विचारलं, ही फाटली होती ना? "फाटली? छे! तेव्हा बारीक जाळी वेळेत मिळेना, मग एक नंबर मोठ्या भोकांची टाकून दिली. शिकत होतो हो सगळेच. आता असलं काही नाही हं." मी म्हटलं, पण तेव्हा कुणालातरी काढलं होतं. "असेल कुणीतरी. पार्टीला दाखवायला काहीतरी करावं लागतं. काजूकतली घ्या ना."

म्हणजे निदान तुकडा परत आला त्या दिवसापासून तरी त्याला सगळं माहीत होतं. भोसरीहून दापोडी केवढीशी लांब? एक माणूस धाडता आला असता. तू घरीच होतीस, गाळणी बल्बसमोर धरून.

बाहेर पडताना टेबलावरच्या मावशीने मला अडवलं. तुझ्या शेजारी बसायची तीच, भोसरीची. "तू तिचीच न्हवं? भिंग बी तिच्यावानीच धरतीस." मी मान हलवली. "सायबीण झालीस, पर हाडाची काडी ती काडीच. मालकाला ठावं हाय?" नाही, म्हटलं. "मग मी बी काय बगितलं न्हाई," म्हणाली आणि पुन्हा जाळीवर वाकली.

आठवडाभर मला नीट झोप नाही. नवी जाळी चोख आहे, मी तीनदा मोजली. ती नापास करण्याचा विचार मनात आला होता, पण चांगल्या मालाला खोटा म्हटलं तर मी आणि तो एकच. त्याला खऱ्यानेच मारायचंय. आमच्या तपासणीत जुनी बिघडलेली वस्तू समोर ठेवून, ती का बिघडली हे कामगारांना समजावून सांगावं लागतं. तर तो मानाचा तुकडा मी त्याच्याच हाताने काचेच्या टेबलावर ठेवायला लावणार. दिवे लावायला सांगणार. मावशीला सगळ्यांसमोर विचारणार, कुठे फाटलीय दाखव. मग त्याला विचारणार, वाळू कुठून शिरली. उंदरांनी नेली का, असंही विचारणार. मग मी कुणाची मुलगी ते सांगणार आणि सहीचं काम दुसऱ्याकडे देणार.

पुरवठादाराशी जुना संबंध असेल तर आधी वरिष्ठांना कळवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी कळवलेलं नाही. कळवलं तर मला या कामावरून काढतील, नाही कळवलं तर कदाचित नोकरीवरूनच. नियम मोडायची माझी ही पहिलीच वेळ. आणि एक कबूल करते. त्याची माफी मला नको आहे. त्याचं तोंड उतरलेलं त्या बायांनी बघावं आणि मी ते डोळे भरून बघावं, एवढंच हवंय. मला त्यात आनंद होणार आहे, आई. येत्या गुरुवारी, सकाळी साडेदहाला.