भिंतीला गहू आला

३ डिसेंबर, बुधवार
पाय बधिर झालेत. सकाळी आठला भिजल्या मातीचा गारा तुडवायला उतरलो — गुडघ्यापतूर कळ गेली. निघताना बायको, गोजरबाई, म्हणलीच होती, तीस वर्षं सिमेंटची मिस्त्रीगिरी केली अन् आता म्हातारपणी चिखलात नाचायला चाललात.

काम शेंद्र्याच्या पुढं हाय. दोन खोल्या, कच्च्या विटांच्या. माती, भुसा, पाणी — साच्यात थापायचं, उन्हात वाळवायचं. भट्टी नाय, सिमेंट नाय. मालक अभय साहेब अन् मोनिका मॅडम, पुंडलिकनगरचे. साहेबांच्या आईसाठी बांधतायत. आईचं सगळं आयुष्य मातीच्या घरात गेलं, तिला फ्लॅटमधी करमत नाय, म्हणून. आईला अजून सांगितलं नाय. एकदम दाखवायचं.

मॅडमनी विचारलं होतं, मातीचं काम येतं ना? मी व्हय म्हणलो. लहानपणी आईच्या हाताखाली एक भिंत लिंपली होती. तीबी पावसात पडली. हे इथंच लिहितो. दुसरीकडं बोलायची सोय नाय.

४ डिसेंबर
गमबूट घेतले. गाऱ्यात उतरलो अन् बूट तिथंच रुतले. मी मोज्यावर बाहेर. आमचा गडी कडुबा हसून खाली बसला. बूट उपसायला दोघांना अर्धा तास.

६ डिसेंबर
काम बंद. सकाळी विहारात गेलो. विटांनाबी सुट्टी — तशाबी वाळतच नायत.

११ डिसेंबर
आठ दिवस झाले, पहिल्या विटा अजून ओल्या गच्च. ऊन पडतं अकराला, जातं चारला, अन् पहाटं दव. आज एका विटेवर कुत्र्याची चारी पावलं उमटलेली. मी फोडणार होतो. मॅडम म्हणल्या, नको, ही दर्शनी भिंतीत बसवा.

आता दर्शनी भिंतीत कुत्रं बसणार.

२२ डिसेंबर
विटा ओलसरच लावल्या, भिंती खांद्याला लागल्या. बाहेरून लिंपणबी केलं अन् दव लागू नये म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं. डोकं चालवलं म्हणायचं.

२७ डिसेंबर, शनिवार
प्लास्टिक काढलं. भिंत हिरवी!

शेजारच्या शेतातल्या केरबाच्या खळ्यावरनं भुसा आणला होता. त्यात गहू राहिलेला. ओल मिळाली, ऊब मिळाली, उगवला. पुरी पूर्वेची, दर्शनी भिंत. बोट-बोट उंच. कडुबानं शांतपणे विचारलं, पाणी द्यायचं का?

तेवढ्यात मॅडमची गाडी. माझ्या तोंडून निघून गेलं, मॅडम, हे जिवंत घर हाय, असंच असतं. त्यांचे डोळे भरून आले. फोटो काढले. उद्या आईंना घेऊन येतो म्हणल्या.



२८ डिसेंबर
आई आल्या. मनकर्णाबाई. सत्तरीच्या, बारीक, नऊवारी, वर स्वेटर. साहेबांनी आईच्या डोळ्यावरचा हात काढला अन् म्हणले, आई, हे तुझं घर.

बाई भिंतीपाशी गेल्या, बोट खुपसलं. बोट पार आत गेलं. मग माझ्याकडं वळल्या.

“मिस्त्री, ही भिंत हाय का वाफा?”

मग लेकाला म्हणल्या, चाळीस वर्षं सारवून-लिंपून माझी बोटं वाकडी झाली. स्लॅबच्या घरात आले त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. अन् तू मला परत मातीत घालतो?

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मॅडम रडायला लागल्या. मला वाटलं, गहू भिंतीतनं बाहेर आला, आपण आत गडप व्हावं. गाडीत बसताना बाईंनी मला एवढंच विचारलं — मातीचं कितवं घर हे?

खरं सांगितलं. पहिलं.

२९ डिसेंबर
काम बंद पडणार असं धरून साचे धूत होतो. दहा वाजता रिक्षा आली. मनकर्णाबाई एकट्या. फडक्यात भाकरी बांधलेली. घरी लेक-सून भांडतायत, तिथं बसून काय करू, म्हणल्या. पदर खोचला, लुगडं वर घेतलं अन् अनवाणी गाऱ्यात. तुडवता तुडवता खडा लागला की उचलून बाहेर फेकायच्या. बूट घातल्यावर खडा कळतो का, म्हणल्या. कडुबानं बुटाचं त्यांना सांगितलं होतं. फितूर.

३१ डिसेंबर
रोज येतात. दिवसभर शिकवणी. भुसा चाळून, कुजवून घ्यायचा. गारा रात्रभर भिजू द्यायचा. वीट एका अंगानं सुकली की कडेवर उभी करायची. सांजेला पोत्यानं झाकायची, सकाळी पोतं काढायचं — प्लास्टिकचं नाव घेतलं तर थापी फेकतात. फेकली एकदा.

गहू उपटून केरबाच्या शेळ्यांना घातला. शेळ्यांना पत्ता कळला. दुपारी आम्ही जेवत असताना सात शेळ्यांनी घराचा एक कोपरा चाटून गोल केला. मॅडमला गोल कोपरा लई आवडला.

१२ जानेवारी
विटा खणखणीत. पूर्वेची भिंत पाडून नवी घातली. कुत्र्याची वीट तेवढी वाचवली.

आज भाकरी खाताना मावशींना विचारलं — आता मी मावशीच म्हणतो — मातीचा एवढा राग, तर रोज येता कशाला? भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणल्या, “तिथं मला कुणी कामच सांगत नाय रे. पाणी हातात, ताट हातात. बसल्या बसल्या मी पाव्हणी झाले.”

 कडुबा उगाच हात धुवायला गेला.

२४ जानेवारी
आतलं सारवण त्यांनी एकटीनं केलं. आम्हाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाय. गोजरबाई बघायला आली होती. भिंतीवरनं हात फिरवला, बाहेर एवढा गारठा अन् आत कसं कोमट, म्हणली. मग मला म्हणली, तुम्ही यातलं काय केलं?

१ फेब्रुवारी, रविवार
घर झालं. साहेबांनी चावी आईच्या हातात दिली. मावशींनी ती मोनिका मॅडमच्या हातात ठेवली — तुम्ही दोघं राहा इथं, मला कुठं वेळ हाय. देवगाव रंगारीला एकजण मातीचं घर बांधतोय, त्याला शब्द दिलाय मी. मिस्त्री म्हणून.

मला उद्या दहाला बोलवलंय. गडी म्हणून. बूट आणायचे नायत.