आमची मळकी तोफ भट्टीत जाण्यापूर्वी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुद्देमाल अधिकारी,
जप्त वस्तू भांडार, तळमजला

विषय : चकचकीत तोफ परत घेऊन आमची मळकी तोफ देण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज. (पैकी दोन आपल्या खिडकीच्या फटीत वारा अडवताना पाहिले.)

महोदय,

१. मी ओतकाम कारखान्यातील निवृत्त साचेकार. ब्राँझच्या वीतभर जुन्या तोफा जमवणे हा आम्हा नवरा-बायकोचा छंद. आपल्या पथकाने अशा अकरा तोफा ‘शस्त्रसाठा’ म्हणून जप्त केल्या. सर्वांत मोठीच्या तोंडात बोरही मावत नाही, तरी पथकाने शेजाऱ्यांना घराबाहेर काढले. ही दक्षता वाखाणण्यासारखी आहे. सात महिन्यांच्या चौकशीत तोफा निरुपद्रवी ठरल्या व परत मिळाल्या.

२. मात्र त्यांतली एक आमची नाही. सर्वांत जुनी तोफ हिरवी पडलेली, ती तशी द्यायला आपल्या भांडारपालांना लाज वाटली. म्हणून त्यांनी कपाटातली एक बेवारस, चकचकीत तोफ बदली दिली. माणूस मनाचा मोठा. मी आभार मानीन म्हणून ते बराच वेळ उभे होते.

३. तो हिरवा थर मळ नसून तिचे वय आहे. बदली तोफ पितळेची आहे. तिचा कान, म्हणजे बत्ती द्यायचे छिद्र, आरपार नाही, आणि बुडाला आटे आहेत. ती टेबलावरच्या दिव्याचा पाय असावी. आपल्या तज्ज्ञांनी तिला ‘प्राचीन’ असा दाखला दिला आहे. प्राचीन काळी विजेचे दिवे होते, हे मला ठाऊक नव्हते.

४. मूळ तोफ माझ्या पत्नीने भंगाराच्या ढिगातून हुडकली होती. गेली तीन वर्षे तिला दिसत नाही. मी काही न बोलता बदली तोफ तिच्या हातात दिली. तिने कानावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “ही आपली नाही. आपली कुठंय?” आमच्या तोफेच्या कानाची कड बार काढून झिजलेली आहे, तिथे तिचा अंगठा बरोबर बसतो. आपल्या तज्ज्ञांकडे भिंग होते.

५. आता कळते की मूळ तोफ भंगारात नोंदली असून नऊ तारखेला भट्टीत जाणार आहे. शस्त्र म्हणून मागितली तर ती भंगार आहे, आणि भंगार म्हणून मागितली तर परवान्याशिवाय शस्त्र देता येत नाही. ती नक्की काय आहे, ते कृपया आठ तारखेपर्यंत ठरवावे. मी आयुष्यभर असे ढीग वितळवले आहेत. त्यातून काहीही परत काढता येत नाही.

६. साहेबांना तोफ आवडली, ते तिचा अभ्यास करत आहेत, असे मी पत्नीला सांगितले आहे. तिला आपल्याबद्दल फार आदर वाटतो. ओळख पटवायला मी तिला हात धरून घेऊन येईन. तिला फक्त ढिगात हात घालू द्यावा, वेळ लागणार नाही. ते जमत नसेल, तर नऊ तारखेनंतर तिला काय सांगायचे ते आपणच लेखी कळवावे.

दिनांक : ३

आपला नम्र,
(सही)
निवृत्त साचेकार

सोबत : चकचकीत तोफ, एक नग. पुसून दिली आहे.