रोहाया सगळ्यांची लाडकी

अक्का,

सिंगापूरहून तुझ्या धाकटीचा नमस्कार. आधीच सांगते, सासूबाई आता बऱ्या आहेत, काळजी करू नकोस. अप्पांचा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या, श्वासच थांबला. मी नुसती किंचाळत राहिले. शेजारची रोहाया धावत आली. आमच्या इमारतीच्या नागरी संरक्षण पथकात आहे ती. अँब्युलन्स येईपर्यंत ती त्यांची छाती दाबत राहिली, म्हणून त्या वाचल्या.

आता घरात दिवसभर रोहायाचंच कौतुक! सासूबाई माझं रसम बाजूला सारतात आणि तिने आणलेली पेज मिटक्या मारत खातात. येईल त्याला सांगतात, "ही माझी लेक." इतकी वर्षं त्यांचं सगळं मी केलं, अक्का! नुसता जळफळाट होतो माझा.

काल मी तिला टोमणा मारलाच, "तुला बाई सगळंच येतं!"

ती म्हणाली, "मग तूही शीक ना गं. मी एकटी राहते. मी कोसळले तर भिंतीपलीकडे तूच आहेस."

राग अजून गेलेला नाही, पण येत्या शनिवारपासून तिच्याबरोबर पथकात शिकायला जाणार आहे.

तुझीच,
मल्लिका