आठवा खण

सोमवार, ३ नोव्हेंबर
आटपाडीहून शिराळ्याला आले. एसट्या बदलून कंबर मोडली, पण घर झकास हाय. नवं, स्लॅबचं, मागं विहीर, समोर ऊस. नात क्रांती हितं भाड्यानं राहती, विहिरीच्या मोटरीवर लावायच्या पेट्या करती. घरमालक लालासाहेब, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, मागच्या खोलीत एकटेच. जेवायला आमच्यातच. पहिल्याच ताटाला माझ्या आमटीत मीठ कमी म्हणले. मी म्हणलं, फौजेत जीभ बी जमा करून घेत्यात व्हय? हसले. जमंल आमचं.

क्रांतीनं ही वही दिली. चौथी पास हाय मी, आकडं येत्यात. रोज सकाळी भिंतीवरच्या पेटीचं बटन दाबायचं, आठ आकडं दिसत्यात ते उतरून घ्यायचं. बसून खायापरीस बरं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
पेटीतली चिप नखाएवढी. निम्म्याच्या वर जागा मोटर चालवायच्या प्रोग्राममध्येच जाती. उरल्यासुरल्या जागेत मोजमाप ठेवायला आठ खण. पहिल्यात मोटर किती वेळा सुरू झाली, दुसऱ्यात वीज किती वेळा गेली, तिसऱ्यात पेटीच किती वेळा अडकून परत उठली, असं सातापर्यंत. एका खणात २५५ च्या वर मावत न्हाई, आकडा तिथंच थांबतो.

हे लिहिलंयस कुठं, म्हणून विचारलं. म्हणली, डोक्यात हाय. कपाळ माझं. उद्या दुसऱ्यानं पेटी उघडली तर तो तुझं डोकं उघडून बघणार व्हय? शेवटी मीच बसले. ती सांगती, मी लिहिती. आठव्यापाशी आलो तर म्हणली, तो रिकामाच होता, बटन दाबल्यावर कायतरी दिसावं म्हणून घरातली माणसं टाकली. तीन.

माझं डोकं फिरलं. पंगतीला बसलेली माणसं मोजू नयेत म्हणत्यात, हिनं जिती माणसं मशिनीत घातली. काढ म्हणलं. उद्या काढती म्हणली. तिचा उद्या मला ठावं हाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आठव्यात दोन.

क्रांतीला दाखवलं तर वैतागली. प्रोग्रामची एक ओळ बी त्या खणाला हात लावत न्हाई म्हणली, शेजारच्या खणात लिहिताना ह्यात सांडलं असंल, आधीच जागा पुरंना, त्यात तुझी कटकट. मी म्हणलं, आठ दिस कटकट ऐकली असतीस तर आज सांडलं नसतं.

दुपारी लालासाहेब विहिरीकडंला खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कप हातातच होता. च्या सांडला बी न्हाई.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
त्यांच्या खोलीत रीतीपरमाणं पीठ पसरून वर पाटी पालथी घातली होती. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते पावलावरनं कळतं. सकाळी पाटी उचलली, पीठ कोरं. एक पाऊल न्हाई.

ते बघून क्रांतीला सुचलं. चिपमधल्या रिकाम्या जागेत सगळीकडं १७० हा एकच आकडा पसरला. जिथं मोडंल तिथं कोण तरी येऊन गेलं. जागा कुठवर वापरली ते बघायला प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्यात असंच करत्यात म्हणं. म्हंजी पीठच की.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
१७० मोडलेत. शेजारच्या खणाकडनं न्हाई. पार दुसऱ्या टोकाकडनं, जिथं प्रोग्रामचं काय कामच न्हाई. एक सोडून एक, पावलं टाकल्यागत. आठव्या खणापाशी थांबलेत.

क्रांतीनं सगळं पुसून नवं घातलं, आठव्यात परत तीन लिहिलं. बटन दाबलं. दोन. तिनं हातातला पेचकस भिंतीवर फेकला. मी शेजारच्या रहिमतबीला मुद्दाम च्याला बलावून पेटीखाली बसवलं. दोनच. वाढत न्हाई. नुसता उतरतो.

रविवार, १६ नोव्हेंबर
एक.

घरात आमी दोघी. क्रांतीला दाखवलं न्हाई. पेटी फोडाय वरवंटा उचलला, परत ठेवला. फोडली आन् शून्य झालं तर—

एक म्हणतोय न्हवं? मग घरात एकच ठेवती.

पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना चार पेट्या दावायच्या म्हणून ती बुधवारी जाणार होती. मी आजच भांडण काढलं. तुझं काम म्हंजी पोरखेळ म्हणलं. नको ते बोलले.

"आजी, तुला मी नको झाले व्हय?"

"व्हय. पेट्या घे आन् एसटी धर. मी बलावल्याबिगर यायचं न्हाई."

रडत गेली. पाठमोरी बघितली न्हाई मी. कशाला बघायचं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
एक. मी एकटी. आकडा खरा हाय, आता तरी गप बस म्हणावं.

क्रांतीचा फोन आला. पोचली. फुगून बोलत होती. फुगू दे. फुगायला जिती हाय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
शून्य.

परत दाबलं. शून्य.

भाईर पळावं तर— लालासाहेब बी भाईरच बसले होते.

ऱ्हाऊ दे. वय झालंय. वही तेवढी पुरी करती, तिच्या डोक्यावर इसवास न्हाई माझा.

आठवा खण— जित्या माणसांचा. ह्यात कुणी आकडा घालू नये. घातला तर पुसून जात न्हाई. सांगून उतरतो. आधी उतरतो, मग—

उंबऱ्यावर पीठ हाय. मी पसरलं न्हवतं.

क्रांती, एक इचारायचं ऱ्हायलं— फोन लागंना तुझा— त्या चार पेट्यांत आठवा खण रिकामा ठेवलायस न्हवं, का दिसावं म्हणून त्यात बी तू—