मोतीलालचं काय करायचं

३० ऑगस्ट १९९८, हिंगणघाट

मोतीलाल कोण, हे समोरच्या देवका काकूंनी ओळखलं! बातमी पक्की — त्यांच्या पुतण्याच्या बायकोनं, सपनानं, सकाळीच येऊन सांगितलं. रविवारची पुरवणी आली की तीच त्यांना माझी रंगूनची रहस्यकथा वाचून दाखवते. म्हणाली, "तो मोतीलाल धोतराचा सोगा चिमटीत ओढते न, तिथं काकूनं मले थांबवलं. दोनदा वाचाले लावलं." आणि निरोप: शेवटी त्याचं काय करणार, ते विचारून ये.

कापसाची पारख करणारे चिमटीत कापूस ओढून धागा बघतात. काकूंचे यजमान महादेवराव त्याच धंद्यातले. हाताशी कापूस नसला की सोगा ओढायचे — काकूंनीच कधीतरी वाटाणे सोलताना सांगितलेलं. माझ्या डोक्यात राहिलं, कोणाचं ते राहिलं नाही. एकेचाळीस साली ते रंगूनला नोकरीवर होते. जपान्यांचे बाँब पडले, पुढं काही कळलं नाही. म्हणून काकू अजून कुंकू लावतात. गल्लीत ओटी भरायची तर पहिला मान त्यांचा.

आणि मी मोतीलालला गोदामात मारून ठेवलंय, तेही छापून आलंय.

३१ ऑगस्ट

सुमित्रा म्हणाली, अहो, त्या बाईचं कुंकू आता तुमच्या हातात आहे. चहा बिनसाखरेचा. विसरले म्हणाली. विसरली नव्हती.

२ सप्टेंबर

सगळं आखलेलं होतं. पहिला बाँबहल्ला. गोदामात मोतीलाल मेलेला, छातीत खोल जखम, पण भोवतीच्या कापसाच्या गाठींना साधा चटकाही नाही! म्हणजे बाँब नव्हे, सुरा. संशय मुनीमजींवर. शेवटच्या भागात इन्स्पेक्टर अण्णाजी त्यांना बेड्या घालणार.

आता नवा बेत. प्रेत दुसऱ्याच कोणाचं, मोतीलाल जिवंत, ब्रह्मदेशाच्या डोंगरात कुठंतरी. नशीब, चेहऱ्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही.

पुरवणी बघणाऱ्या प्रफुलचा नागपूरहून फोन. नवा शेवट ऐकून म्हणाला — "सर, पण खून कोणाचा झाला मग?"

बघतो म्हटलं. मजकूर येत्या बुधवारी दुपारच्या एसटीनं जायलाच हवा. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

५ सप्टेंबर

मोतीलालला डोंगरात नेलं. तिथं तो काय करतो ते सुचत नाही. सोगा ओढत बसलाय.

८ सप्टेंबर

काकूंनी बोलावलं. सपनाला बाजारात पाठवून दिलेलं. मी घाईघाईनं सांगून टाकलं — काकू, काळजी करू नका, मोतीलाल जिवंत आहे.

काकूंनी कपाळावर हात मारला. "काऊन? मेलेल्याले कायले जित्ता करून राह्यला तू?"



मग त्यांनी सावकाश सांगितलं. बेचाळीसच्या उन्हाळ्यात नाचणगावचा किसन रंगूनहून पायी पायी परत आला. तोही त्याच पेढीवर होता. दारात उभा राहून म्हणाला, पहिल्याच दिवशी गेले. लोक रस्त्यावर येऊन विमानं बघत होते, तेही त्यांच्यात. सासूबाई आत दळत होत्या. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, हे इथं बोलू नको. म्हातारी लेकाच्या वाटेवर जगते आहे.

सासूबाई बऱ्याच जगल्या. त्या गेल्यावर काकू सांगणारच होत्या. पण माझी आई त्यांना म्हणायची — देवका, तुझं कुंकू पाहिलं की बरं वाटतं, येतील गं ते! गल्लीतली सगळीच म्हणायची. "तुमच्या साऱ्याइचं मन कसं मोडू, सांग बरं?"

इतकी वर्षं आम्ही त्यांना जपत होतो. त्या आम्हाला जपत होत्या!

आता पितृपक्ष लागलाय. हत्यारानं गेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. "भटजीले विचारलं, बाँब हत्यारात येते का. येते म्हणे." त्यांना एकदा तरी पान वाढायचंय. पण आधी लोकांना कळायला हवं, आणि तोंडातून शब्द निघत नाही. "तू छापून टाक. सपना वाचून दाखवते, सारे ऐकतीन. पण सुरा काढ बाप्पा. माह्या माणसाचं कोणाशी वैर नव्हतं."

कुंकवाचं विचारायला जीभ रेटेना. त्यांनीच सांगितलं. "ते नाई पुसत मी. त्याच्याबिगर आरशात चेहरा वळखू येत नाई."

९ सप्टेंबर

पहाटे बसलो. सुरा काढला, तर जखमेचं काय? बाँबच्या पत्र्याचा तुकडा. गाठींना चटका का नाही? कारण मोतीलाल गोदामात मेलाच नाही, रस्त्यावर मेला. कोणीतरी उचलून आत आणला. कोणी? मुनीमजींनी! ज्याच्यावर सगळे भाग संशय घेतला, त्यानंच देह उघड्यावर पडू दिला नाही.

हे आधीच का सुचलं नाही?

एसटी गाठली. रात्री प्रफुलचा फोन — "खुनीच नाही? वाचक मारतील सर!" मारू देत म्हटलं.

१३ सप्टेंबर

काकूंच्या ओसरीवर सगळी गल्ली. सपना वाचताना दोनदा थांबली. वाचून संपलं तशा काकू म्हणाल्या, "असंच झालतं. महादेवराव असेच गेले." नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. सुमित्रा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

१८ सप्टेंबर

उद्या श्राद्ध. काकूंनी नाचणगावला निरोप धाडला होता. किसनराव आहेत अजून, ऐंशीच्या पुढचे. सकाळी येतायत. त्यांनी नातवाकडून शेवटचा भाग वाचून घेतला आणि उलट निरोप पाठवलाय, खास माझ्यासाठी. सपनानं तो जसाच्या तसा सांगितला —

"महादेवरावले मीनं उचलून आत नेलं, हे मी देवकाबाईलेही नाई सांगतलं. या माणसाले सांगतलं कोणं?"